मॉनिटर घेताना इंचांवर भुलू नका

टीव्ही असो की कॉम्प्युटरचा मॉनिटर, दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती इंची?’ पण मैत्रिणींनो, ज्या पडद्यासमोर रोज पाच-सहा तास बसून अक्षरं वाचायची, त्याचं रिझोल्युशन आधी विचारा.

बचत गटाच्या कामामुळे डोंबिवली-कल्याणमध्ये माझं घरोघरी जाणं असतं. २०२०च्या लॉकडाऊननंतर घरबसल्या टायपिंग, हिशेब, शिकवण्या करणाऱ्या बायका बऱ्याच दिसतात. आमच्या गटातल्या एकीने मॉनिटरसाठी कर्ज मागितलं, तेव्हा कुजबुज झालीच, ‘नुसत्या पडद्याला एवढे पैसे?’ ती लग्नपत्रिका करते. जुन्या पडद्यावर आडनावावरचा अनुस्वार दिसला नाही आणि दोनशे पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या. हे ऐकल्यावर कर्ज मंजूर झालं!

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके जवळजवळ असतील तर रेघ सुबक येते. आपल्या मराठीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं, सगळं बारीक काम. फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात, क्यूएचडीवर ३७ लाख, तर फोर-केवर ८३ लाख. हेच फुल एचडीचे ठिपके २४ इंची पडद्यावर इंचाला ९२ पडतात, २७ इंचीवर पसरून ८२ होतात. म्हणजे पैसे जास्त देऊन अक्षर मोठं पण भरड! २७ इंची क्यूएचडीवर मात्र इंचाला १०९ येतात.

मग थेट फोर-केच का घेऊ नये? त्यावर अक्षरं इतकी बारीक येतात की सेटिंगमध्ये जाऊन मोठी करावी लागतात. शिवाय घरचा कॉम्प्युटर जुना असेल, तर त्याची एचडीएमआयची जोडणी फोर-केचं चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलू शकते, माऊस अडखळत चालतो. म्हणून आपल्या कॉम्प्युटरचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि ‘यावर चालेल ना?’ हे आधी विचारा.

साधारण भाव सांगायचा तर २४ इंची फुल एचडी आठ-दहा हजारांच्या आसपास, २७ इंची क्यूएचडी पंधरा-वीस हजारांत, फोर-के त्याच्या पुढे. ठाण्यात, कल्याणात चौकशी करा. वेळ असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवरही भाव काढा.

दुकानात झरे-मोरांचे व्हिडिओ बघून भाळू नका. पेन ड्राइव्हवर आपली मराठी फाइल न्या आणि ती उघडायला सांगा. पडदा आयपीएस आहे का विचारा, म्हणजे बाजूने बघतानाही रंग फारसे बदलत नाहीत. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा करून एखादा ठिपका मेलेला नाही ना, तेही बघा. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडणार कशाच्या जोरावर? सर्व्हिस सेंटर कुठे आहे, मॉनिटर तिथे न्यायचा कुणी, हेही तेव्हाच विचारून ठेवा. तक्रार ऐकली नाहीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

लाइट बिल भरणं आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर २४ इंची फुल एचडी पुरे. उरलेल्या पैशात एक चांगली खुर्ची घ्या. पाठीलाही बरं!