रोपांचे वसंतीकरण : संज्ञा आणि वाशीमचे हवामान

'वसंतीकरण' ही संज्ञा ऐकणाऱ्यास वसंतातील ऊब सुचविते. प्रत्यक्षात तो उपचार थंडीचा आहे. या विसंगतीचा उलगडा संज्ञेच्या इतिहासात होतो. राय या धान्याच्या हिवाळी वाणास अंकुरावस्थेत थंडी लाभली, तर वसंतात पेरूनही त्यास ओंब्या येतात, असे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गासनर यांनी १९१८ साली दाखविले. पुढे सोव्हिएत संघात लिसेंको यांनी वसंती पिकाच्या रशियन नावावरून या उपचारास नाव दिले. वसंतवाचक लॅटिन शब्दावरून त्याचे इंग्रजी रूप घडले आणि मराठी संज्ञा त्याच अर्थाने योजिली गेली. हिवाळी पिकास वसंती पिकासारखे करणे, एवढाच तिचा मूळ अर्थ होय.

थंडीने फूल येत नाही. फुलण्याची पात्रता येते, किंवा ती लवकर येते. ही थंडी मुख्यतः रोपाच्या शेंड्यातील वाढता भाग ग्रहण करतो. ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत फुलोरा रोखून धरणारे एक जनुक दीर्घ थंडीने निष्क्रिय होते आणि पेशींचे विभाजन होत राहिले तरी ही निष्क्रियता टिकते. मात्र उपचार अपुरा असून त्यामागोमाग कडक उष्णता लागली, तर अनेक वनस्पतींत मिळालेला लाभ नाहीसा होतो. यास निर्वसंतीकरण म्हणतात.

वाशीम जिल्ह्यात या विवेकाचे महत्त्व विशेष आहे. दसरा-दिवाळीस मागणी असते ती झेंडू व शेवंती यांना. झेंडूस थंडीची गरज नाही. शेवंतीस कळ्या धरतात त्या रात्र लांबल्यामुळे. काही वाणांच्या काश्या खुजा पर्णगुच्छ धरून राहतात, तेथेच थंडी वाढीस चालना देते. अशी गरज नसता रोपे शीतगृहात ठेवल्यास भाडे जाते, रोपे अशक्त होतात आणि सणाचा हंगामही हातचा निसटतो.

लिसियान्थसची गोष्ट निराळी. त्याची कोवळी रोपे उष्णतेत वाढली, तर पाने जमिनीलगत गोळा होतात व दांडा उठत नाही. अशा रोपांना १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे चार ते पाच आठवडे ठेवल्यास दांडा वाढू लागतो. स्टॅटिसची रोपेही थंडीने लवकर फुलावर येतात. हिरव्या रोपांना या काळात प्रकाश व ओलावा मिळणे आवश्यक असते. अंधाऱ्या कोठीत ती पिवळी पडतात.

वाशीममध्ये हिवाळ्याच्या रात्री थंड असल्या, तरी दुपारी पारा बराच चढतो, आणि ऑक्टोबरचे ऊन तर प्रखरच असते. म्हणून उपचारित रोपे ते ऊन ओसरल्यावर, प्रारंभी सावलीच्या जाळीखाली लावणे इष्ट. तात्पर्य, थंडी किती द्यावी, याआधी त्या वनस्पतीस थंडी हवी आहे काय, हे पाहिले पाहिजे. आणि उपचारानंतर रोपास कोणते हवामान लाभणार, याचाही हिशेब आधीच मांडला पाहिजे.