मेंदूच्या पाटाची पाळी

वारणाकाठी रात्री दीड वाजता उसात बॅटरी हलताना दिसली, तर ती चोराची नसते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी अंथरूण सोडून दारं धरायला जातो. एक सरी भिजली की दार मोडायचं, पाणी पुढच्या सरीत सोडायचं. वारणानगरच्या साखरेमागे अशी कितीतरी जागरणं आहेत.

मेंदूलाही असेच पाट आहेत, आणि त्यांची पाळी रात्रीचीच असते असं मानलं गेलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातील माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं की, मेंदूभोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेने आत शिरतो आणि पेशींमधला गाळ घेऊन बाहेर पडतो. झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते, हे त्यांनी २०१३ मध्ये नोंदवलं. या गाळात बीटा अमायलॉइड असतं; अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारं तेच प्रथिन. पुढे २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्या सापडल्या आणि हा गाळ नेणारा चरही दिसला.

मग प्रश्न आला: हा चर बाहेरून वाहता करता येईल का? रशियातल्या सारातोव इथे ओक्साना सेम्याच्किना-ग्लुश्कोव्हस्काया यांच्या गटाने झोपलेल्या आणि जाग्या उंदरांच्या डोक्यावर १२६७ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडला. तो डोळ्यांना दिसत नाही. जागेपणापेक्षा गाढ झोपेत या प्रकाशाने अमायलॉइडचा निचरा अधिक झाला. एमआयटीच्या ली-ह्वे त्साय यांची वाट वेगळी. त्यांनी २०१६ मध्ये सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा दिवा जाग्या उंदरांपुढे ठेवला आणि अमायलॉइड घटल्याचं सांगितलं. मात्र २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेला तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. २०२४ मध्ये तर लंडनच्या इंपीरियल कॉलेजने झोपेत निचरा उलट मंदावतो असा निष्कर्ष मांडला. वाद मिटलेला नाही.

त्यात उंदराची कवटी कागदासारखी, माणसाची जाड. त्वचा आणि हाड ओलांडेपर्यंत बहुतेक प्रकाश वाटेतच जिरतो. म्हणून प्रकाशाची टोपी घालून विस्मरण बरं करण्याची जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

तरीही विषय दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. ब्रिटनमधल्या सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला, तेव्हा पन्नाशीपासून सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका ३० टक्के अधिक आढळला. कमी झोप हेच कारण, असं यातून सिद्ध होत नाही. पण झोप ही चैन नव्हे, एवढं नक्की कळतं.

घरातले आजोबा एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रक्तदाब, मधुमेह आणि ऐकू येणं तपासून घ्या. आणि रात्री दारं धरणाऱ्या शेतकऱ्याच्या झोपेचं काय? २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली ती पंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून. दिवसाच्या विजेच्या मागणीकडे आपण आजवर उसाच्या हिशेबाने पाहिलं. ती शेतकऱ्याच्या झोपेचीही मागणी आहे.