अरबीचा श्रीगणेशा

संस्कृतांत मुरलेल्या गृहस्थानें उतारवयांत अरबीच्या वर्गांत जाऊन बसावें, याचें कोणास हसूं येईल, कोणास रागही येईल. "दादा, आतां हें कशास?" असें आमचे धाकटे बंधूही विचारते झाले. हर्सुलास राहणाऱ्यास मात्र उत्तर दूर शोधावें लागत नाहीं. शहराच्या दिल्ली दरवाजापलीकडे, उत्तरेस, हें आमचें गांव. येथला सरकारी व्यवहार ज्या शब्दांनीं शतकानुशतकें चालला, त्यांचें मूळ पाहावयाचें तर अरबीपर्यंत गेलेंच पाहिजे.

तें मूळ किती जवळ आहे पाहा. मुजुमदार आणि जमेनीस हीं आडनांवें आपल्याच घरांतलीं. दोहोंच्या पोटीं 'ज-म-अ' हा धातु आहे. 'गोळा करणें' हा त्याचा अर्थ. 'ह-स-ल' या धातूपासून हासील, महसूल व तहसील. 'न-ज-र' यापासून नजर, नाझर व मंजूर. बहुतेक अरबी धातु असे तीन व्यंजनांचे असतात. व्यंजनें कायम राहतात, मधले स्वर बदलतात आणि मागेंपुढें एखादें अक्षर जोडलें जातें. कोशही बहुधा धातूंच्या क्रमानें लाविलेला असल्यामुळें 'महसूल' हा शब्द 'म' खालीं सांपडत नाहीं, 'ह' खालीं सांपडतो.

संस्कृतज्ञास येथें पुष्कळ ओळखीचें भेटतें. एक 'किताब', दोन 'किताबान', अनेक 'कुतुब'. म्हणजे द्विवचन आहेच. नामाच्या विभक्ति तीन. 'अल्' आणि 'शम्स' मिळून उच्चार होतो 'अश्-शम्स'. संधि शिकलेल्यास यांत नवल वाटूं नये.

कष्ट आहेत ते निराळे. अक्षरें अठ्ठावीस, लेखन उजवीकडून डावीकडे, आणि शब्दांतील स्थानाप्रमाणें अक्षराचें रूप बदलतें. सहा अक्षरें पुढच्या अक्षरास जोडलींच जात नाहींत. नेहमींच्या छापील मजकुरांत ऱ्हस्व स्वर दाखवीत नाहींत. ते व्याकरणाच्या ज्ञानानें भरून काढावे लागतात. उच्चार तर फारच सूक्ष्म. वजीर, नजर, इजा, अर्ज या चार शब्दांत आपण एकाच 'ज'नें भागवितों. अरबींत तेथें चार निरनिराळीं अक्षरें आहेत. म्हणून पहिले कांहीं महिने पुस्तकापेक्षां गुरूचें मुखच अधिक उपयोगी. आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्या तरुणांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तेथली बोली या ग्रंथभाषेहून बरीच निराळी असते. ती वेगळी शिकावी लागते.

उलट दिशेचें देणेंही विसरूं नये. आपलें पंचतंत्र सहाव्या शतकांत पहलवींत गेलें आणि आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें तें अरबींत आणिलें. तेथें त्याचें नांव झालें 'कलीला व दिम्ना'. हे दोघे म्हणजे आपलेच करटक आणि दमनक!

हे शब्द मराठींत ठेवावे कीं टाकावे, हा वाद जुना आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्दांविरुद्ध पक्ष मांडिला. त्यांचा पक्ष कोणास पटो वा न पटो, पण आधीं कोश आणि मग निवाडा, हा त्यांचा क्रम खरा विद्वानाचा होता. बंधूंस मीं हेंच सांगितलें. जें आपल्या आडनांवांत, सातबाऱ्यांत आणि शेजाऱ्याच्या तोंडीं आहे, तें परकें म्हणण्यापूर्वीं निदान वाचतां तरी यावें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शिकतीं मुलें आहेत, त्यांनीं त्यांस या लिपीपासून अडवूं नये. आणि ज्यांस निवृत्तीनंतर वेळ आहे, त्यांनीं त्यांच्या शेजारीं जाऊन बसावें.