अमेरिकेतले ट्रेलरवाले थंडी आली की नळांत गुलाबी पाणी का भरतात?

ट्रेलर म्हटलं की आपल्याला एकतर पिक्चरचा ट्रेलर आठवतो, नाहीतर हायवेवरचा अवजड माल नेणारा. अमेरिका आणि कॅनडात मात्र ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. याला स्वतःचं इंजिन नसतं. मोठ्या गाडीच्या मागे जोडायचं आणि निघायचं. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रिज, गरम पाणी, संडास, सगळं असतं. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट नावाचं गाव आणि आसपासचा भाग तर या धंद्यावरच जगतो. अमेरिकेतली बहुतेक अशी घरं तिथेच तयार होतात.

उन्हाळाभर ही मंडळी जंगलं, तळी, राष्ट्रीय उद्यानं पालथी घालतात. मग ऑक्टोबर येतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, पलीकडे ऑन्टारियो, मॅनिटोबा. या पट्ट्यात पारा शून्याखाली जायला लागतो आणि दुकानांत गुलाबी पाण्याच्या कॅनच्या थप्प्या लागतात. ट्रेलरवाले त्या उचलतात, घरी नेतात आणि आपल्या ट्रेलरच्या नळांत भरतात. एप्रिलपर्यंत ट्रेलर अंगणात उभा.

कोकणातला माणूस हे लगेच ओळखेल. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि वरून शाकारून ठेवतात. फरक इतकाच, की होडीला धोका बाहेरच्या पाण्याचा असतो आणि ट्रेलरला आतल्या.

आता हे आतलं पाणी असतं कुठे?

ट्रेलरमध्ये साधारण तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. शिवाय २३ किंवा ३८ लिटरचा गिझर, एक छोटा पंप आणि या सगळ्यांना जोडणारे बोटभर जाडीचे पाइप. हे पाइप फरशीखालून, कपाटांमागून, भिंतीच्या आतून जातात. बंगल्याच्या भिंती जाड असतात, आत हीटर चालू असतो. ट्रेलरच्या भिंती बऱ्याचदा दोन इंचांच्याही नसतात आणि हिवाळ्यात आत कुणीच राहत नाही.

पाणी गोठलं की ते साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकवतात. म्हणून पाइप फुटतो, असं आपण समजतो. पण गंमत अशी की पाइप बऱ्याचदा बर्फ झालेल्या जागी फुटतच नाही. पाइपमध्ये एका ठिकाणी बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढायला लागलं की उरलेलं पाणी पुढे ढकललं जातं. पुढे नळ बंद. पाण्याला जायला जागा नाही आणि पाणी दाबलं जात नाही. दाब प्रचंड वाढतो आणि जो जोड सगळ्यात कच्चा, तो जातो. म्हणजे जिथे पाणी अजून गोठलेलंही नाही, तिथे तडा जाऊ शकतो. हिवाळ्यासाठी रिकाम्या केलेल्या ट्रेलरचे नळ उघडे ठेवतात ते यासाठीच.

आजकाल ट्रेलरमध्ये पेक्स नावाचे प्लास्टिकचे लवचिक पाइप असतात. ते थोडे ताणले जातात, सहसा टिकतात. पण नळाच्या आतली वस्तू, पंपाचं डोकं, संडासाचा व्हॉल्व्ह, प्लास्टिकचे कोपरे, ही मंडळी ताणली जात नाहीत. ती तडकतात. आणि तडकतात तेव्हा कळत नाही, हा खरा त्रास. जानेवारीत तडा गेला तरी आत बर्फ असतो, गळत काहीच नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, पहिल्यांदा पंप चालू केला की पाणी भिंतीच्या आत वाहतं. प्लायवूड फुगतं, फरशी मऊ होते, बुरशी धरते. एका छोट्या फिटिंगपायी अख्खी फरशी उखडावी लागू शकते. आणि अशा ट्रेलरचं कर्ज दहा-पंधरा वर्षांचं असतं. वापर सहा महिने, हप्ता बारा महिने.

म्हणून ऑक्टोबरचा एक शनिवार-रविवार या कामाला जातो.

आधी संडासाची आणि सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची. मग चांगल्या पाण्याची टाकी. मग गिझर. इथे घाई केली तर हात भाजतो, कारण गिझरमध्ये दाब असतो. तो बंद करून थंड होऊ द्यायचा, दाब सोडायचा आणि मगच खालचं बूच काढायचं. त्यानंतर गिझरला वळसा घालणारा एक व्हॉल्व्ह फिरवायचा, ज्याला ते लोक बायपास म्हणतात. हा विसरला तर पुढे ओतलेलं सगळं गुलाबी पाणी आधी गिझरच्या पोटात जातं. दोन-तीन गॅलनमध्ये, म्हणजे आठ-अकरा लिटरमध्ये होणारं काम कितीतरी पटींवर जातं.

मग पंपाची नळी थेट गुलाबी कॅनमध्ये बुडवायची आणि एकेक नळ उघडत जायचा. थंडचा वेगळा, गरमचा वेगळा. गुलाबी धार आली की बंद. शॉवर, बेसिन, ओटा, संडास. काही ट्रेलरना बाहेरच्या बाजूने, पाय धुवायला, एक छोटा शॉवर असतो. हमखास विसरला जातो तो हाच. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर गुलाबी पाणी ओतायचं, कारण बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी कायम साचलेलं असतं.

हे गुलाबी पाणी म्हणजे बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल. खाण्याच्या पदार्थांत आणि औषधांतही वापरतात, म्हणून पिण्याच्या नळांत चालतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये असतं ते सहसा एथिलीन ग्लायकॉल. ते विषारी. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॅम्बियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला होता, आठवतंय? त्यात डायएथिलीन ग्लायकॉलबरोबर हेच नाव होतं. नावात दोन अक्षरांचा फरक आणि परिणामात जमीन-अस्मानाचा. त्यात रंगावर भरवसा ठेवण्याची सोय नाही. काही रेडिएटरची कूलंटही गुलाबी असतात. लेबल वाचणं हाच उपाय.

लेबलवर आणखी एक गोम आहे. बहुतेक कॅनवर मोठ्या आकड्यात लिहिलेलं असतं उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे उणे ४५ सेल्सिअस. नवा मालक समजतो की तोवर हे पाणी पातळच राहणार. तसं नसतं. त्याच्या कितीतरी आधी त्याचा बर्फाच्या गोळ्यासारखा लगदा होतो. पण हा लगदा दगडासारखा कडक होत नाही आणि पाण्यासारखा जोर लावून फुगत नाही, म्हणून पाइप वाचतो. लेबलवरचा आकडा पाइप फुटण्याचा आहे, गोठण्याचा नाही. आणि तोही निव्वळ गुलाबी पाण्याचा. पाइपमध्ये आधीचं पाणी उरलं असेल तर ते पातळ होतं आणि आकडा कागदावरच राहतो.

आता इथे ट्रेलरवाल्यांचे दोन गट पडतात आणि दरवर्षी वाद पेटतो.

एक गट म्हणतो, गुलाबी पाणी कशाला, कॉम्प्रेसर लावा आणि हवेने पाइप फुंकून काढा. वसंतात चव नाही, फेस नाही, धुण्याचा ताप नाही. दुसरा म्हणतो, हवा सगळं पाणी काढत नाही. पंपात, व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात थेंब उरतोच. पहिला म्हणतो, वीस वर्षं हवाच मारतोय, काही झालं नाही. नवा मालक मधे उभा राहून ऐकत असतो. ज्याला विचारावं त्याचं ठाम मत, आणि प्रत्येकाचा पुरावा म्हणजे स्वतःचा ट्रेलर.

पण हे ठाम मत देणारा राहतो कुठे, हे कुणी विचारत नाही. टेनेसीतल्या माणसाला वर्षातून काही रात्री शून्याखालच्या भेटतात. दुपारी पुन्हा ऊन. उत्तर मिनेसोटात जानेवारीत पारा उणे २० सेल्सिअसच्या खाली जाणं हे नवल नाही, आणि कित्येक आठवडे तो शून्याच्या वर येत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत-संशोधकांनी प्रयोग करून सांगितलं होतं की उघड्या पाइपांना खरा धोका सुरू होतो तो बाहेर साधारण उणे ७ सेल्सिअस झालं की. एकाच्या गावात ही रेघ क्वचित ओलांडली जाते, दुसऱ्याच्या गावात रोज. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, फक्त एकाचा सल्ला दुसऱ्याच्या अंगणात चालत नाही. कडक थंडीच्या भागात दोन्ही करणारेही बरेच आहेत. आधी हवा, मग गुलाबी पाणी. थोडं जास्त काम, पण शंकेला जागा कमी. हवा मारताना दाब मात्र ४०-५० पीएसआयच्या पुढे न्यायचा नसतो. आपण कारच्या चाकात भरतो त्यापेक्षा थोडा जास्त. त्यापुढे गेलं की थंडीने जे फुटायचं ते कॉम्प्रेसरच फोडतो.

आणि उबदार भागातल्यांनी निर्धास्त राहावं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली. ४० लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि चांगल्या पक्क्या घरांतले पाइप फुटले.

पाण्यानंतर बॅटरी. चार्ज असलेली साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे ५० पर्यंतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठून फुगू शकते. म्हणून ती काढून घरात ठेवतात आणि अधूनमधून चार्ज करतात. लिथियमची बॅटरी थंडीत तग धरते, पण शून्याखाली चार्ज केली की खराब होते. गॅसचं तसं टेन्शन नसतं. तिथल्या टाक्यांत प्रॉपेन असतो आणि तो उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो. त्याचा वायू व्हायचा थांबतो शून्याच्या आसपासच. लडाखमध्ये हिवाळ्यात शेगडी मंदावते ती यामुळे.

यापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे उंदीर.

बाहेर बर्फ, आत गाद्या, चादरी, भिंतींत कापसासारखं इन्सुलेशन. उंदराला आणखी काय हवं? पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर आत येतो, आणि ट्रेलरच्या तळाला पाइप-वायरींसाठी अशी भोकं भरपूर. पुदिन्याचं तेल, कपड्यांना सुगंध देणारे कागद असे घरगुती उपाय जो तो सांगतो. त्यांचा भरवसा धरण्यासारखा नाही. स्टीलची घासणी भोकात कोंबून वरून सीलंट मारणं हे कंटाळवाणं काम आहे, पण उपयोगी तेच पडतं.

हे वायर कुरतडण्यापुरतं असतं तर ठीक होतं. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो आणि यूटा ही चार राज्यं जिथे भेटतात तिथे तरणीताठी माणसं अचानक श्वास कोंडून दगावायला लागली. कारण निघालं हंटा व्हायरस. तो पसरवत होता डिअर माउस नावाचा रानउंदीर. त्याच्या लेंड्या आणि मूत सुकून धुळीत मिसळतात आणि ती धूळ श्वासातून आत जाते. आजार दुर्मीळ आहे, पण फुफ्फुसापर्यंत गेला तर दहांतले जवळपास चार जण वाचत नाहीत. सहा महिने बंद असलेला ट्रेलर उघडून उत्साहात झाडू मारायला घेणं म्हणजे नेमकी तीच धूळ उडवणं. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते की आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी मारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने पुसून घ्या. झाडू नको, व्हॅक्यूमही नको.

ज्यांना हे सगळं नको असतं, ते थंडीच्या आधीच दक्षिणेला निघतात. त्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात, म्हणजे बर्फाला टाळणारे पक्षी. बहुतेक निवृत्त माणसं. अ‍ॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातलं इवलंसं गाव हिवाळ्यात हजारो चाकांच्या घरांनी भरून जातं. गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढून राहता येतं. २०२१ चा ऑस्कर जिंकलेला 'नोमॅडलँड' पाहिला असेल तर त्यात हे गाव दिसतं. त्या पिक्चरमधल्या माणसांना मात्र परतायला दुसरं घर नसतं.

ज्याची नोकरी आणि मुलांची शाळा मिनेसोटात आहे, त्याला हा रस्ता नाही. तो दर बर्फवृष्टीनंतर छताकडे बघतो, कुठल्या सीलंटला भेग पडली असेल याचा हिशेब करतो आणि एप्रिलची वाट बघतो. मग नळांतून साधं पाणी सोडून गुलाबी रंग घालवायचा, टाकीत थोडं ब्लीच घालून पाइप निर्जंतुक करायचे, पुन्हा धुवायचे. परीक्षा त्यानंतर असते. टाकी भरायची, सगळे नळ बंद करायचे आणि पंप चालू करायचा. पंप काही वेळ घरघरतो आणि दाब भरला की आपोआप थांबतो. थांबल्यावर तो परत सुरू झाला नाही तर सगळं ठीक. नळ बंद असूनही तो थोड्या थोड्या वेळाने घरघरायला लागला, तर पाणी कुठेतरी जातंय. मग टॉर्च घेऊन कपाटांचे तळ काढायचे आणि ओल शोधायची.