वणव्याची उष्णता : झाडापासून घरापर्यंत

वहन, अभिसरण व प्रारण हे उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार आपण वर्गात शिकवतो. वणव्यात हे तिन्ही प्रकार एकाच वेळी आढळतात. तथापि वस्तीतील घरे कशी पेटतात, हे समजण्यासाठी त्यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो.

प्रथम वनस्पतींकडे पाहू. हिरवे पान लगेच पेटत नाही. आधी त्यातील पाण्याची वाफ व्हावी लागते व त्यासाठी दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. त्यानंतर पान अधिक तापून त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ते पेट घेतात. प्रारणाने समोरचे गवत तापते. परंतु बारीक काड्या सभोवतालच्या हवेने थंडही होत राहतात. म्हणून त्या पेटण्यात तप्त वायूंच्या व ज्वाळेच्या प्रत्यक्ष स्पर्शाचा वाटा मोठा असतो. चढावर ज्वाळा वरच्या झाडोऱ्याच्या जवळ येते, त्यामुळे वणवा डोंगर वेगाने चढतो. लाकूड मंदवाहक असल्याने वहनाचा वाटा अल्प राहतो.

आता घरांकडे वळू. अमेरिकन वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडातील प्रायोगिक वणव्यांसमोर लाकडी भिंती उभारून निरीक्षणे केली. १० मीटर अंतरावरील काही भिंती पेटल्या. २० व ३० मीटरवरील पेटल्या नाहीत. अंतराबरोबर प्रारणाची तीव्रता झपाट्याने घटते, शिवाय उंच ज्वाळा एका जागी फार वेळ टिकत नाही.

मग गावे कशी जळतात? नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘कॅम्प फायर’ या वणव्यात कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जवळपास नष्ट झाले. या वणव्याने ८५ जणांचा बळी घेतला व १८ हजारांहून अधिक इमारती जाळल्या. तरीही राख झालेल्या अनेक घरांशेजारी झाडे उभीच होती. वाऱ्याने उडवलेले निखारे मुख्य आगीच्या पुढे जाऊन गावात पडले होते. असा निखारा पन्हळीतील पालापाचोळ्यावर पडतो किंवा झरोक्यातून माळ्यावर शिरतो. वणवा पुढे सरकून जातो, पण पेटलेले घर बराच वेळ जळत राहते आणि शेजारच्या घराला प्रारणाची उष्णता व नवे निखारे पुरवते.

यावरून उपायही स्पष्ट होतो. घराभोवतीचे सुमारे ३० मीटर आणि विशेषतः भिंतीलगतचे दीड मीटर अंतर वाळक्या पाल्यापासून मुक्त ठेवावे, झरोक्यांना बारीक धातूची जाळी बसवावी. संपूर्ण जंगल आवरणे माणसाच्या हाती नसते. अंगण व छप्पर मात्र असते. उष्णतेचा पाठ शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावे.