एकाच चिलमीतल्या दोन तलफा

तळहातावर गांजा मळायचा, त्यात तंबाखू मिसळायची, चिलीम भरायची आणि खाली ओली साफी गुंडाळून झुरका घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये सुमारे बाराशे साक्षी घेतल्या, तेव्हाही गांजा असाच ओढला जात होता. आता चिलमीच्या जागी पानटपरीवर मिळणारा कागद आला आणि तंबाखू सिगारेट फोडून काढली जाऊ लागली. मिश्रण मात्र तेच राहिलं. हे ओढणं बंद केल्यावर माणूस चिडचिडा होतो, त्याची झोप उडते. हा त्रास गांजाचा की तंबाखूचा? उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षं लागली, कारण दोन्हींचा अभ्यास एकमेकांकडे न बघता चालला होता.

त्या कमिशनने बेताने घेतलेल्या गांजाला जवळपास निरुपद्रवी ठरवलं. त्यात मिसळलेली तंबाखू चौकशीचा विषयच नव्हती. पुढे १९६४ साली दोन घटना घडल्या. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने सिगारेटचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला, पण तंबाखूला ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’ म्हटलं. त्याच वर्षी इस्रायलमध्ये येहिएल गाओनी आणि राफाएल मेशुलाम यांनी गांजातला मुख्य अंमली घटक, टीएचसी, वेगळा काढून त्याची रचना उलगडली.

१९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रीस जोन्स आणि नील बेनोविट्झ यांनी स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून टीएचसी तोंडावाटे दिलं आणि मग थांबवलं. बेचैनी, निद्रानाश, घाम, अन्नावरची वासना उडणं, अशी लक्षणं दिसली. यात धूर नव्हता, तंबाखू नव्हती, म्हणजे गांजाचा स्वतःचा विथड्रॉवल (सोडल्यावर होणारा त्रास) असतो हे त्यातून दिसलं होतं. तरीही ‘गांजा फक्त मनाला चिकटतो, शरीराला नाही’ हा समज टिकला. नील बेनोविट्झ पुढे निकोटिनचे जगन्मान्य अभ्यासक झाले.

१९८८ मध्ये सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिन व्यसन लावतं हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी मेंदूत टीएचसी जिथे जाऊन बसतं ती जागाही सापडली. पण मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात तंबाखूच्या विथड्रॉवलला १९८० पासून जागा होती, गांजाच्या विथड्रॉवलला मात्र १९९४ च्या आवृत्तीतही मिळाली नाही. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आला, १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. तो काळ गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा होता. गर्द सोडतानाची ‘टर्की’ इतकी भयंकर असे की तिच्यापुढे गांजा सोडणाऱ्याची तगमग कोणाच्या नजरेत भरणं अवघड होतं.

२००३ मध्ये अ‍ॅलन बडनी आणि सहकाऱ्यांनी गांजा सोडलेल्यांचा दिवसागणिक आलेख मांडला. त्रास पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात टोकाला जातो आणि बराचसा दोन आठवड्यांत ओसरतो. मग २००८ मध्ये रायन वँड्री, बडनी आणि इतरांनी दोन्ही ओढणाऱ्या बारा जणांना पाच-पाच दिवस एकदा गांजा, एकदा तंबाखू आणि एकदा दोन्ही बंद करायला लावलं. एकूण त्रास गांजाचा आणि तंबाखूचा जवळपास सारखाच निघाला. दोन्ही एकदम सोडल्यावर तो वाढला, पण ही वाढ थोडेच दिवस टिकली, आणि माणसामाणसांत मोठा फरक होता. २०१३ मध्ये गांजाच्या विथड्रॉवलला मानसोपचाराच्या त्या अमेरिकी वर्गीकरणात जागा मिळाली.

या दोन त्रासांमध्ये साम्य पुष्कळ आहे. चिडचिड, चिंता, अस्वस्थता, उदासी, तुटक झोप दोन्हीकडे. फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे भूक. तंबाखू सोडणाऱ्याला सारखं काहीतरी खावंसं वाटतं, वजन वाढतं. गांजा सोडणाऱ्याला घास गिळवत नाही. विचित्र, ठसठशीत स्वप्नं आणि रात्रीचा घाम हे बहुधा गांजाकडचं. लक्ष न लागणं ही तंबाखूची ठळक खूण. वेळही वेगळी असते. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तंबाखूची तलफ त्याच दिवशी उठते. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं, म्हणून गांजाची उशिरा.

मिसळून ओढणाऱ्याची पंचाईत इथे होते. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं तो मनापासून मानतो. गांजा सोडल्यावर पहिल्याच दिवशी उठलेली निकोटिनची तलफ त्याला गांजाची वाटते. काही जण गांजा सोडून सिगारेट वाढवतात आणि जिंकलो असं समजतात. पण हातातली पेटती सिगारेट, तो वास, छातीत भरणारा धूर हेच परत गांजाकडे नेतं. उपचार घेणाऱ्यांच्या अभ्यासांतही तंबाखू ओढत राहणाऱ्यांना गांजा सोडणं अधिक जड गेलेलं दिसतं.

अमेरिकेत गांजा बहुधा तंबाखूशिवाय ओढतात, युरोपात आणि आपल्याकडे मिसळून. म्हणून तिथल्या अभ्यासांतले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे १.३ कोटी लोकांनी वर्षभरात गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं. त्यांच्यासाठी दोन्ही व्यसनांचा एकत्र विचार करणं निकडीचं आहे. निकोटिनसाठी च्युइंगगम, पॅच, औषधं आहेत. गांजाच्या विथड्रॉवलसाठी अजून एकही मान्यताप्राप्त औषध नाही, समुपदेशनावरच भर द्यावा लागतो. म्हणजे दोन तलफांपैकी एकीवर तरी परखलेला उपाय हाताशी आहे. ती एक ताब्यात आली तर पहिला आठवडा सोसणं सोपं जाऊ शकतं, आणि खरी कसोटी त्याच आठवड्याची असते.

व्यसनमुक्ती केंद्रात दारू किंवा गांजाचे उपचार चालू असताना तंबाखूकडे ‘एवढी चालते’ म्हणून काणाडोळा करणं आता थांबायला हवं. तिथे येणाऱ्याला काय ओढता, एवढं विचारून भागणार नाही. ‘कशात मिसळून ओढता?’ हा दुसरा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे, आणि दोन्ही उत्तरांवर उपचार त्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत.