ती काडी राहू द्या!

वीकएंडला गळ्यात टेलिलेन्स अडकवून निघणाऱ्या मंडळींपैकी तुम्ही असाल, तर सुरुवात बहुधा भिगवणला झाली असेल. फ्लेमिंगो म्हणजे सोप्पं काम! मागे पाणी, पुढे पाणी, मध्ये भलामोठा गुलाबी पक्षी. खरी परीक्षा असते माळरानावर. तिथे पक्षी वीतभर, रंग मातीचा, आणि तुमच्या नि त्याच्या मध्ये शेकडो काड्या. ऑटोफोकस महाशय हमखास पुढची काडी पकडतात आणि पक्षी राहतो धुक्यात.

माझा अड्डा म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत दोनेक तासांत पोचता येतं. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचा पसारा. लोक येतात चिंकारा बघायला, मी जातो डोंबारी चंडोलासाठी. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला सलाम! चिमणीएवढा जीव, पण नर सरळ आभाळात चढतो, पंख मिटून धाडकन खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि खेळ संपल्यावर उतरतो तो नेमका गवतात.

अशा वेळी गाडीतून उतरायची घाई नको. गाडीपेक्षा चालत येणाऱ्या माणसाला पक्षी जास्त घाबरतात. काच खाली, खिडकीत तांदूळ भरलेली पिशवी, तिच्यावर लेन्स. फोकसचा एकच पॉइंट, तोही डोळ्यावर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. लेन्सच्या अगदी जवळचं गवत मग विरघळून जातं, नुसता सोनेरी पडदा उरतो. जिथे उतरायला परवानगी असेल तिथे सरळ पोटावर झोपा. कॅमेरा खाली गेला की मागचा पसारा लांब पळतो.

एवढं करूनही एक काडी चोचीवरून जातेच! मग सोमवारी लंच अवरमध्ये लॅपटॉप उघडला जातो. पूर्वी क्लोन स्टॅम्प घेऊन तासभर झटावं लागायचं. २०१० साली फोटोशॉप सीएस५मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं, २०२३मध्ये जनरेटिव्ह फिल. आता काडी पुसणं म्हणजे एका क्लिकचा खेळ. पण काडीखाली काय होतं हे सॉफ्टवेअरला कुठे माहीत असतं? ते अंदाज करतं. काडी पोटावर असेल तर खपून जातं. डोळ्यावर असेल तर तो डोळा त्या पक्ष्याचा राहत नाही, मशीनचा होतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत म्हणूनच चित्रात काही घालायला किंवा त्यातून काही काढायला मनाई आहे. सेन्सरवरची धूळ पुसलेली चालते, निवडलेल्या फोटोंची रॉ फाइल मात्र तपासली जाते.

मी स्वतः काडी पुसत नाही, दाबतो. चमकणारी असेल तर थोडी काळी करायची, रंग कमी करायचा. नजर आपोआप पक्ष्याकडे जाते. भिंतीवर लावायच्या प्रिंटमधून कुणी गुटख्याची पुडी काढली तर मी भांडणार नाही. तोच फोटो नोंद म्हणून कुठे द्यायचा असेल, तर पुडीसकट द्यावा.

भांडण आहे ते दुसऱ्या ‘एडिटिंग’शी. काही महाभाग काडी कॉम्प्युटरवर नाही, जागेवरच उपटतात! चंडोल जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतो. तो आडोसा गेला की ऊन आणि कावळा, दोघांनाही रस्ता मोकळा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विस्कटणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. बंदूक लागत नाही, बोटंसुद्धा पुरतात.

आणि एक. सरकारी नोंदींमध्ये कित्येक माळरानं आजही ‘पडीक’ म्हणून पडून आहेत. आपण गवत पुसून मागे गुळगुळीत हिरवा रंग भरला, की हा पक्षी त्या ‘पडीक’ जमिनीतच राहतो हे फोटो बघणाऱ्याला कळायचं कसं? धाविक घ्या. तुरुतुरु धावतो, एकदम ताठ थांबतो, आणि मागच्या मातीत असा मिसळतो की शोधत बसावं. ती माती काढलीत तर शिल्लक काय राहिलं?

गेटवर वनखात्याचे नियम विचारून घ्या आणि गाडी चाकोरीबाहेर घालू नका, अंडी जमिनीवर असतात. उजाडताना आत असायला हवं. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि मग लाखाची लेन्सही फोटो शार्प देत नाही. तेवढ्यात आवरा आणि मोरगावच्या वाटेवर चहा घ्या.